अकरा नंबरचं विमान

"चितारी, शेपूट वाकडं आहे," मोकाशी साहेब खालून ओरडले.

मी अकरा नंबरच्या विमानाच्या पाठीवर पालथा पडलो होतो आणि तोंडात चार खिळे होते, त्यामुळे उत्तर देता येईना. खिळे हातात काढून घेतले आणि म्हणालो, "शेपूट सरळ आहे, सर. तुम्ही तिरके उभे आहात."

"याच्या विमानाला नाव ठेवलं की याला किती झोंबतं बघा," ते शेजारच्या दिघे साहेबांना म्हणाले. "माझ्या विमानाला खुशाल काहीही म्हण रे बाबा. त्याचं शेपूट तर खरंच वाकडं आहे."

ते खरं होतं. सप्टेंबरात धावपट्टीवर घसरून मोकाशी साहेबांच्या विमानाचं शेपूट एका बाजूला कललं होतं. नवीन भाग मागवून दोन महिने झाले होते. भाग आला नव्हता. तो नेमका कुठल्या रंगाचा हवा, असं विचारणारं पत्र आलं होतं. तोवर साहेब तसंच उडत, जरा डावीकडे मान झुकवून.

माझ्या विमानाला मात्र शेपटाची काळजी नव्हती, कारण ते उडायचंच नव्हतं. ते बांबूचं होतं. तंबूचे बांबू, त्यावर तागाची पोती, पोत्यांवर ताडपत्री आणि रंग. नाक डांबराच्या पिंपाचं, चाकं उंटगाडीची. वैमानिकाच्या डोक्यावरची काच मी दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म धुऊन केली होती. अगदी जवळ गेलं तर तिच्यात कुणाच्या तरी बरगड्या अंधुक दिसत. दोन माणसांनी मनावर घेतलं तर अख्खं विमान उचलता येई. सात नंबर तर एकदा वावटळीनं आपणहून उचललं आणि स्वयंपाकघराच्या छपरावर नेऊन ठेवलं. तेव्हापासून सगळी दोरखंडानं बांधून ठेवत होतो.

हे एकाहत्तरच्या नोव्हेंबरातलं. सीमेजवळच्या वाळवंटात आमचा छोटा विमानतळ होता. त्याचं नाव सांगायला तेव्हा बंदी होती, आणि आता सवय मोडत नाही. युद्ध होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तारीख ठरायची होती. सीमेपलीकडच्या तळावर त्यांची तीस लढाऊ विमानं होती. आमच्याकडे चार. चार विमानं, चार वैमानिक. त्यातले एक स्क्वाड्रन लीडर अच्युत दिघे, आमच्या तळाचे प्रमुख, पेणचे, मोजकं बोलणारे. दुसरे फ्लाइट लेफ्टनंट अनंत मोकाशी, वाईचे, दोघांच्या वाटचं एकटेच बोलणारे. मी कॉर्पोरल रमाकांत चितारी, हुद्द्यानं सुतार, गाव सावंतवाडी.

दिघे साहेबांनी मला बोलावून बारा खोटी विमानं करायला सांगितली, तेव्हा मी विचारलं होतं, "कितपत खरी दिसायला हवीत, सर?"

"वरून येणाऱ्याला बघायला दोन सेकंद मिळतात. तेवढा वेळ फसला की झालं."

"दोन सेकंदांसाठी एवढी खटपट?"

"त्या दोन सेकंदांत तो बॉम्ब टाकतो, चितारी. तो बांबूवर पडला म्हणजे आपल्या माणसांवर पडत नाही."

एवढं सांगून पुरे होतं. पण काम हातात घेतलं आणि माझ्यातला सावंतवाडीकर जागा झाला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळं करतात. लाखेचा रंग दिलेले आंबे, केळी, सीताफळं. बाबा ती फळं थाळीत मांडून ओटीवर ठेवायचे आणि आतल्या दारातून लक्ष ठेवायचे. एखाद्या पाहुण्यानं केळं हातात घेऊन सोलायला नख लावलं की बाबांचा दिवस सोन्याचा. पाहुणा ओशाळायचा, बाबा त्याला खरं केळं आणून द्यायचे, आणि आठवडाभर गावाला तीच गोष्ट सांगत सुटायचे. दोन सेकंद फसणारी वस्तू मला करताच येत नव्हती. मी प्रत्येक विमानाला रिव्हिटांचे ठिपके काढले. तेलाचे ओघळ काढले. अकरा नंबरच्या पंखाखाली तर घासल्याचा जुना ओरखडा रंगवला.

"एक लक्षात ठेव," दिघे साहेबांनी बजावलं होतं. "बाहेरच्या कुणालाही ही विमानंच. तुझ्या वडिलांनी विचारलं तरी."

"बाबांना विचारावं लागणार नाही, सर. ते फसतीलच."

त्याच आठवड्यात वरून तार आली. एक फार मोठे साहेब तळाची पाहणी करायला येणार होते. आम्ही त्यांना पाहणीसाहेब म्हणायचो, आणि मीही तेवढंच म्हणणार. त्यांनी एकेकाळी विमानं चालवली होती म्हणतात, पण गेली वीस वर्षं ते टेबल चालवत होते.

मोठे साहेब येणार म्हटल्यावर लष्करात पहिलं काय करतात, तर दगडांना चुना लावतात. हा रिवाज कुणी सुरू केला ठाऊक नाही, पण तो मोडायची छाती अजून कुणाला झालेली नाही. तळ शत्रूच्या नजरेपासून लपवायला आम्ही महिनाभर सगळीकडे मातकट जाळ्या पसरल्या होत्या. आता त्याच तळावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आठशे दगड पांढरेशुभ्र करून मांडले. आकाशातून तो तळ लग्नाच्या मांडवासारखा दिसत असणार. "पाहणीसाहेबांना रस्ता चुकायला नको," मोकाशी साहेब म्हणाले, "आणि शत्रूलाही."

पाहणीसाहेब सकाळी दहाला आले. त्यांची जीप दोन पांढऱ्या रांगांमधून गोगलगायीच्या चालीनं निघाली. चुन्याच्या दगडांच्या बाहेर पाहुण्याची गाडी जात नाही, हाही रिवाज. खाली उतरले तर बुटांचं पॉलिश वाळूत जाणार, म्हणून ते उतरलेही नाहीत. बसल्या जागेवरून बोट फिरवत मोजू लागले. त्यांच्यासोबतचा फोटोग्राफर फोटो काढत होता.

"सोळा!" पाहणीसाहेब म्हणाले. ते इंग्रजीत बोलत होते, मी मराठीत सांगतो. "दिघे, तू तर चारच विमानं आहेत म्हणून सारखी पत्रं पाठवतोस!"

"सर, त्यातली बारा—"

"बारा नादुरुस्त आहेत, हेच ना? सगळ्या तळांचं हेच रडगाणं. मला विमानं दिसताहेत, दिघे. माझे डोळे शाबूत आहेत."

जीप अकरा नंबरसमोर थांबली. मी त्याच्या पाठीवर रंगाचा डबा घेऊन बसलो होतो. वीस पावलांचं अंतर असेल. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "जवान, हे विमान कधी तयार होणार?"

मी दिघे साहेबांकडे बघितलं. त्यांचं तोंड अर्धवट उघडलेलं होतं. हुकूम होता, बाहेरच्या कुणालाही ही विमानंच. पण हा माणूस बाहेरचा होता का? तो आमच्याच दलाचा, दिघे साहेबांच्याही वरचा. मी खाली उडी मारून जवळ गेलो असतो, कानाशी एक शब्द बोललो असतो, तरी चाललं असतं. पोत्यावर नुसती एक थाप मारली असती तरी आवाजानं सगळं उघड झालं असतं.

मी ताठ होऊन सलाम ठोकला आणि म्हणालो, "आज संध्याकाळी, सर!"

"शाबास!" पाहणीसाहेब म्हणाले. मग मागे वळून, "बघितलंस, दिघे? तुझा तंत्रज्ञसुद्धा तुझ्याहून आशावादी आहे."

जीप पुढे गेली. मोकाशी साहेब मागच्या रांगेत हसू दाबून लाल झाले होते. संध्याकाळी त्यांनी मला गाठलं. "आमची शुभी तीन वर्षांची आहे. तीही असंच मोजते. एक, दोन, दहा! पण तिला निदान अजून कुणी तळ मोजायला पाठवत नाही."

आम्ही पोट धरून हसलो. मला तर रात्रीचं जेवणही गोड लागलं.

चार दिवसांनी हुकूम आला. तुमच्या तळावर सोळा विमानं असल्याचं प्रत्यक्ष पाहणीत आढळलं आहे, सबब दोन चालू विमानं वैमानिकांसह दुसऱ्या तळावर ताबडतोब पाठवावीत. त्या तळावर पाहणीसाहेबांना पाचच विमानं दिसली होती. तिथला प्रमुख हुशार. त्यानं पाहणीच्या दिवशी दहातली पाच जाळीखाली झाकून ठेवली होती.

दिघे साहेबांनी गुप्त पत्र पाठवलं, की सोळातली बारा बांबूची आहेत. उत्तर आलं, की बारा विमानं कमी झाली असतील तर प्रत्येक विमान कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणानं गमावलं ते कळवा. दिघे साहेबांनी लिहिलं, गमावलेली नाहीत, ती कधी नव्हतीच. त्यावर उत्तर आलं, जी नव्हती ती मोजता येत नाहीत. ही मोजलेली आहेत. सोबत पाहणी अहवालाची प्रत होती. तिच्यात एक वाक्य अधोरेखित केलं होतं: 'विमान क्रमांक अकरा त्याच दिवशी संध्याकाळी तयार होईल, असं तंत्रज्ञानं स्वतः सांगितलं.'

दिघे साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हुकूम तुम्हीच दिला होता ना, सर, कुणाला सांगू नकोस म्हणून?" मी म्हणालो.

"हो. मीच दिला होता," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

वैमानिक किती आहेत, हे बघणारं खातं वेगळं होतं. त्यामुळे सोळा विमानांना चारच वैमानिक कसे, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. दोन विमानं त्याच दुपारी उडून गेली. उरली खरी दोन, माझी बारा.

पाच डिसेंबरला सकाळी सव्वासात वाजता ते आले. युद्ध सुरू होऊन दोन दिवस झाले होते. भोंगा वाजला तेव्हा मी अकरा नंबरचे दोर तपासत होतो. मोकाशी साहेब शिरस्त्राणाचा पट्टा बांधत माझ्याजवळून धावत गेले. थांबले नाहीत, पण बोलल्याशिवाय राहवेना.

"किती येताहेत, सर?" मी ओरडलो.

"आठ!" ते ओरडले. "काळजी नको! तुझी बारा, आमची दोन. आपण चौदा आहोत, चितारी! लेखी आहे!"

दोन्ही विमानं उठली. वाकड्या शेपटाचं मागे, डावीकडे झुकत. मी स्वयंपाकघराशेजारच्या खंदकात उडी मारली. तिथे आमचा स्वयंपाकी परुळेकर डोक्यावर पातेलं घालून बसला होता. तो मालवणचा. त्याच्यापाठी शंभर पावलांवर दारूगोळ्याचं कोठार, आणि आसपासच्या खंदकांतून आम्ही दीडशे माणसं.

दिघे साहेबांची योजना मला ठाऊक होती, सगळ्यांनाच होती. शत्रू दोन टोळ्यांनी येणार, प्रत्येक टोळीला आपली दोन विमानं भिडणार. ही योजना चार विमानांची होती. आता प्रत्येक टोळीला एकच.

पहिली चार आली आणि थेट माझ्या रांगेवर झेपावली. खोटं सांगत नाही, त्या भीतीतही माझ्या छातीत आनंदाची उकळी फुटली. पाहुण्यानं केळं सोललं होतं! एकामागून एक बॉम्ब पोत्यांवर पडत होते. तीन नंबर पेटलं, चार नंबर पेटलं, सात नंबर पुन्हा एकदा उडालं. दिघे साहेब त्या चौघांच्या पाठीमागे लागले आणि त्यांना पश्चिमेकडे रेटत घेऊन गेले.

मग दुसरी चार आली. ती शहाणी निघाली. जळणारी विमानं सोडून सरळ कोठाराच्या रोखानं वळली. समोर एकच विमान होतं.

ते बाजूला झालं नाही. चौघांच्या मधोमध घुसलं. त्यांच्यातलं एक फुटून धावपट्टीपलीकडे कोसळलं, बाकीच्यांनी गोंधळून बॉम्ब वाळूत टाकले. आता मोकाशी साहेबांनी निघून जायचं. आमची विमानं लहानखुरी आणि चपळ, पूर्वेकडे वळले असते तर कुणाला सापडले नसते. पण त्या तिघांकडे बंदुका होत्या, खाली आम्ही होतो. ते परत वळले. पुन्हा गेले. पुन्हा वळले.

"अरे, जा मां आता! जा!" परुळेकर पातेलं फेकून खंदकात उभा राहून ओरडत होता. "झाला तितक्या पुरे झाला! जा रे माझ्या बाबा!"

तिसऱ्या खेपेला आणखी एक पडलं. चौथ्या खेपेला धूर मोकाशी साहेबांच्या विमानातून निघाला. ते डावीकडे झुकलं, नेहमी झुकायचं तसंच, पण सरळ झालं नाही. टेकडीमागे गेलं. दिघे साहेब परत आले तेव्हा उरलेली दोघं पळत होती. सगळं मिळून सात मिनिटं.

त्या दिवशी शत्रूच्या रेडिओनं सांगितलं, आम्ही नऊ विमानं जमिनीवर जाळली. आपल्या रेडिओनं सांगितलं, आपलं एकही विमान जमिनीवर जळलं नाही. अख्ख्या युद्धात दोन्ही रेडिओ एकाच दिवशी खरं बोलले असतील तर तो हा दिवस.

आमच्या वरच्या ऑफिसनं मात्र शत्रूच्या रेडिओवर विश्वास ठेवला. युद्ध संपल्यावर जानेवारीत चौकशी समिती आली. प्रश्न एकच होता. तळावर चौदा विमानं असताना हल्ल्याच्या वेळी दोनच का उडाली? बाकीच्या बारांनी कच खाल्ली का? त्यांना जमिनीवर ठेवणारा प्रमुख भित्रा होता का?

समितीचे अध्यक्ष चष्मा लावणारे, मवाळ आवाजाचे अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. दिघे साहेबांनी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी पाहणी अहवाल पुढे ओढला.

"म्हणजे पाहणीसाहेबांना बांबू आणि विमान यातला फरक कळला नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

या प्रश्नाला 'हो' म्हणणारा माणूस दलात पुढे जात नाही.

"माझं म्हणणं मी सांगितलं आहे, सर," दिघे साहेब म्हणाले.

मला बोलावलं. "कॉर्पोरल, तू स्वतः म्हणालास, अकरा नंबर संध्याकाळी तयार होईल. म्हणालास ना?"

"म्हणालो, सर. ते तयार आहे. आणू का?"

ते काही बोलायच्या आत मी बाहेर पडलो. अकरा नंबर आगीतून वाचलं होतं. मी परुळेकरला हाक मारली, दोर सोडले, त्यानं नाक धरलं, मी शेपूट धरलं, आणि विमान खांद्यावर घेऊन आम्ही दोघे परेडच्या मैदानातून निघालो.

"रमाकांता, ह्या इमान की पालखी रे?" परुळेकर धापा टाकत म्हणाला.

"चल तू. थांबू नको."

चौकशीच्या खोलीच्या दारात पंख अडकले, म्हणून नाकच तेवढं आत सारलं. समितीचे तिघंही उठून उभे राहिले. अध्यक्षांनी जवळ येऊन पिंपाच्या नाकावर टिचकी मारली. मग वाकून काचेत बघितलं. त्यांना बरगड्या दिसल्या असाव्यात, कारण ते दचकले.

"फार सुंदर काम आहे," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

ते जागेवर गेले, बराच वेळ लिहीत बसले, आणि मग कागद माझ्यासमोर ठेवला. त्यात लिहिलं होतं: 'चौदापैकी बारा विमानं तांत्रिक कारणांमुळे उड्डाणास असमर्थ होती.'

"यात कुणी भित्रा ठरत नाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि कुणी मूर्खही ठरत नाही. कर सही."

"पण सर, ती विमानं नव्हती."

"तुझी ती बारा उडू शकत होती का?"

"नाही, सर." मग प्रामाणिकपणे सांगितलं, "सात नंबर एकदा वावटळीत उडालं होतं."

"ते धरू नकोस. उडू शकत नव्हती ना? मग असमर्थ होती. यात खोटं काय आहे?"

मी फार विचार केला. खोटं काहीच सापडेना. आणि समोर तीन अधिकारी बसलेले, मी एक सुतार. मी सही केली.

दिघे साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "मोकाशी दोघांतला एक होता, सर," ते म्हणाले. "चौदांतला नव्हता." त्यांनी पेनला टोपण लावलं आणि सही न करता बाहेर गेले.

मी त्यांच्यामागे धावलो. "सर, मी सही केली. पण ते खोटं नव्हतं."

"नाही, खोटं नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून तर ते आता कुणाला खोडता येणार नाही."

दिघे साहेब होते त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. दरवर्षी दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, पत्त्यावर 'चितारी, विमान कारखाना, सावंतवाडी' असं लिहिलेलं, आणि पोस्टमन न चुकता आणून द्यायचा. अठ्ठ्याण्णव साली कार्ड आलं नाही. मोकाशी साहेबांना वरून मरणोत्तर शाबासकीचं पत्र मिळालं, पदक नाही. चौदा विमानांच्या तळावर आठ चालून आली, तर त्यात एवढं कौतुक कसलं, असं कुणाला तरी वाटलं असणार.

चाळीस वर्षं झाली तेव्हा त्या तळावर कार्यक्रम झाला. जुन्या माणसांना बोलावलं, मीही गेलो. दगडांना चुना लावलेला होता. आता तिथे एक छोटं संग्रहालय आहे. आत काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं: 'या तळावरील चौदा लढाऊ विमानांच्या तुकडीने शत्रूच्या आठ विमानांचा हल्ला परतवून लावला.' त्याखाली पाहणीच्या दिवशीचा मोठा फोटो, विमानांची लांबच लांब रांग.

त्यासमोर चाळिशीची एक बाई उभी होती. तिनं माझ्या छातीवरची नावाची चिठ्ठी वाचली आणि मराठीत विचारलं, "तुम्ही तेव्हा इथे होतात, काका? मी शुभदा मोकाशी."

म्हणजे शुभी. एक, दोन, दहा मोजणारी.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आई होती तोवर तिच्या मनातून हे गेलं नाही. चौदा विमानं होती. बाबा वर एकटे चौघांशी लढत होते. मग बाकीचे बारा जण काय करत होते हो? त्यांनी बाबांना एकटं कसं सोडलं?"

आमच्यासोबत एक तरुण अधिकारी माहिती सांगायला होता. तो म्हणाला, "मॅडम, ती विमानं तांत्रिक कारणांमुळे—"

"बांबूची होती," मी म्हणालो. "ताई, ती बाराही बांबूची होती. मी केली होती, या हातांनी. बारा जण नव्हतेच. दिघे साहेब आणि तुमचे बाबा, दोघंच होते. कुणी कुणाला सोडलं नाही. होते तेवढे सगळे वर गेले."

तिथे थांबता आलं असतं. दोनदा थांबलो होतो.

"आणि आधी चार होती," मी म्हणालो. "दोन इथून गेली ती माझ्यामुळे. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, हे विमान कधी तयार होणार. मी म्हणालो, आज संध्याकाळी. हुकूम होता म्हणून गप्प बसलो, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. एवढा मोठा माणूस माझ्या विमानाला फसला, याचा मला आनंद झाला होता. तेवढ्या आनंदासाठी मी बोललो नाही."

तो तरुण अधिकारी जमिनीकडे बघत होता. शुभदानं डोळे पुसले की नाही ते मी बघितलं नाही, माझेच मला दिसत नव्हते. मग ती फोटोच्या अगदी जवळ गेली.

"यातलं बाबांचं कुठलं?" तिनं विचारलं. "मला तर सगळी सारखीच दिसताहेत."

मी चष्मा लावला. रांगेतून बोट नेलं. माझी बारा ऐटीत उभी होती, रिव्हिटांचे ठिपके, तेलाचे ओघळ, कुठे नाव ठेवायला जागा नाही. शेवटून तिसऱ्या विमानावर बोट थांबलं.

"हे," मी म्हणालो. "माझ्या एकूण एक विमानाचं शेपूट सरळ आहे, ताई. वाकडं आहे ते तुमच्या बाबांचं."